मृत्यूची नोंद आणि लोकसमूहाच्या आरोग्याचे मापन : मुंबई इलाखा ते महाराष्ट्र (इ.स. १८६४ ते २०२३)

सारांश

एखाद्या लोकसमूहाचे आरोग्य चांगले की वाईट, हे ठरविण्यासाठी गेल्या दीडशे वर्षांत प्रामुख्याने मृत्यूच्या नोंदींचा आधार घेतला गेला. या नोंदी कोणी केल्या, कोणाच्या केल्या आणि त्यांना कोणत्या लोकसंख्येने भागले, यांवर आरोग्याचे चित्र अवलंबून राहिले. प्रस्तुत शोधनिबंधात मुंबई इलाख्यातील गावनोंदी, १८९६ चा प्लेग, १९१८ ची मानमोडीची साथ, १९२१ मधील मुंबईचा अर्भक मृत्युदर, स्वातंत्र्योत्तर नमुना नोंदणी पद्धती आणि गडचिरोलीतील अभ्यास यांच्या आधारे या प्रश्नाचा ऐतिहासिक विचार केला आहे.

बीजसंज्ञा : मृत्युदर, अर्भक मृत्युदर, जन्म-मृत्यू नोंदणी, जनगणना, सार्वजनिक आरोग्य.

प्रस्तावना

व्यक्तीचे आरोग्य वैद्य नाडी पाहून सांगू शकतो. लोकसमूहाला मात्र नाडी नसते. त्याचे आरोग्य आकड्यांतूनच जाणून घ्यावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेची घटना ७ एप्रिल १९४८ रोजी अमलात आली. तिच्यात आरोग्य म्हणजे केवळ रोगाचा अभाव नसून संपूर्ण शारीरिक, मानसिक व सामाजिक स्वास्थ्य होय, अशी व्यापक व्याख्या करण्यात आली. ही व्याख्या उदात्त असली तरी तिचे मापन करणे कठीण आहे. त्यामुळे प्रत्यक्ष व्यवहारात राज्यकर्त्यांनी, वैद्यकांनी आणि अभ्यासकांनी आरोग्य मोजले ते बहुधा मृत्यूंच्या संख्येवरून. मृत्यू ही निश्चित घटना असल्यामुळे तिची गणना सोपी असेल, असा एक समज आढळतो. महाराष्ट्राचा इतिहास मात्र या समजाला दुजोरा देत नाही.

मृत्युदर हा अपूर्णांक आहे. नोंदलेले मृत्यू हा त्याचा अंश आणि ज्या लोकसंख्येत ते घडले ती लोकसंख्या हा त्याचा छेद होय. अंशात चूक झाली तर रोग लपतो. छेदात चूक झाली तर नसलेला रोग दिसतो किंवा असलेला रोग अनेक पटींनी मोठा भासतो. या दोन्ही प्रकारच्या चुका सर्व समाजघटकांच्या वाट्याला सारख्या येत नाहीत, हा या निबंधाचा मुख्य प्रतिपाद्य विषय आहे.

उद्दिष्टे व पद्धती

१) मुंबई इलाख्यातील व पुढे महाराष्ट्रातील आरोग्यमापनाच्या साधनांचा विकास पाहणे.
२) अंश व छेद यांतील दोषांमुळे आरोग्याच्या चित्रात पडलेला फरक तपासणे.
३) दोन समूहांच्या आरोग्याची तुलना कोणत्या अटींवर ग्राह्य धरता येईल, याचा विचार करणे.

अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून जनगणना, आरोग्य खात्यांची प्रकाशित आकडेवारी आणि नंतरच्या अभ्यासकांचे संशोधन यांचा आधार घेतला आहे.

मोजणीची पूर्वपीठिका

लंडनमधील मृत्युपत्रकांचा अभ्यास करून जॉन ग्रांट यांनी १६६२ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. तेथून लोकसमूहाच्या मृत्यूंकडे नियमबद्ध घटना म्हणून पाहण्यास आरंभ झाला. इंग्लंडमध्ये १८३७ पासून नागरी नोंदणी सुरू झाली आणि विल्यम फार यांनी तिचे रूपांतर सार्वजनिक आरोग्याच्या साधनात केले. याच काळात तुलनेतील एक महत्त्वाची चूकही उघड झाली. एडविन चॅडविक यांनी १८४२ च्या अहवालात निरनिराळ्या वर्गांतील मृतांचे सरासरी वय देऊन त्यांच्या आरोग्याची तुलना केली होती. नीसन यांनी १८४४ मध्ये दाखवून दिले की, मृतांचे सरासरी वय हे त्या वर्गात मुले किती व वृद्ध किती यांवरही अवलंबून असते. ज्या वस्तीत मुलेच अधिक, तेथे मृतांचे सरासरी वय कमी येणारच.

हिंदुस्थानात ही साधने आली ती प्रथम लष्करासाठी. १८५९ मध्ये नेमलेल्या शाही आयोगाने १८६३ मध्ये अहवाल दिला. येथील ब्रिटिश सैनिकांचा मृत्युदर दर हजारी ६९ इतका असून त्यातील बहुतेक मृत्यू लढाईने नव्हे, तर रोगाने होतात, असे त्यातून निदर्शनास आले. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा या कार्यात मोठा वाटा होता. त्याचा परिणाम म्हणून १८६४ मध्ये बंगाल, मद्रास व मुंबई या इलाख्यांत आरोग्य आयोग स्थापन झाले. सैनिकाचे आरोग्य छावणीभोवतीच्या वस्तीपासून वेगळे ठेवता येत नाही, हे ध्यानात आल्यावर मोजणीचा परीघ रयतेपर्यंत वाढला. येथे मोजणीची प्रेरणा शासनाच्या गरजेतून आली होती, ही बाब लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

गावची नोंदवही

मृत्युदरासाठी लागणारा छेद जनगणनेने दिला. १८७२ मध्ये पहिली व १८८१ मध्ये देशभर एकाच वेळी घेतलेली जनगणना झाली. अंश मात्र गावाकडून यायचा होता. १८८६ च्या कायद्याने जन्म, मृत्यू व विवाह यांच्या नोंदणीची तरतूद केली. परंतु ती ऐच्छिक स्वरूपाची होती. मुंबई इलाख्याच्या ग्रामीण भागात ही जबाबदारी पाटील-कुलकर्ण्यांकडे होती. महसूल, पोलीस, पीकपाणी या कामांच्या जोडीला त्यांनी जन्म-मृत्यूही टिपावेत, अशी अपेक्षा होती.

या व्यवस्थेत तीन दोष दिसून येतात. पहिला दोष असा की, गावठाणाबाहेरच्या वाड्या-पाड्यांवरील, डोंगरातील किंवा कामासाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांतील मृत्यूची खबर चावडीपर्यंत पोहोचण्याची शक्यता कमी होती. दुसरा दोष म्हणजे नाव ठेवण्यापूर्वीच दगावलेले तान्हे मूल नोंदीत येणे दुर्मीळ होते. त्याचा जन्मही नोंदला जात नसे आणि मृत्यूही. तिसरा दोष मृत्यूच्या कारणासंबंधीचा होता. पटकी व देवी ही दुखणी गावकऱ्यांना ओळखू येत. परंतु हिवताप, विषमज्वर, क्षय किंवा प्रसूतीनंतरचा ताप हे सारे ‘ताप’ या एकाच रकान्यात जमा होत. त्यामुळे वार्षिक अहवालांत तापाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सर्वाधिक दिसे. त्यात वैद्यकीय निष्कर्षापेक्षा नोंद करणाऱ्याच्या ज्ञानाची मर्यादाच अधिक व्यक्त होत असे.

यातून तुलनेचा एक विपरीत नियम निर्माण झाला. जेथे नोंदणी चोख, तेथे मृत्युदर अधिक दिसे. जेथे नोंदणी ढिली, तेथे लोक निरोगी असल्याचा भास होई. शिवाय ब्रिटिश हिंदुस्थानच्या वार्षिक आकडेवारीत संस्थानी प्रदेशाचा समावेश नसे. त्यामुळे हैदराबाद संस्थानातील मराठवाडा आणि कोल्हापूरसारखी संस्थाने या चित्राच्या बाहेरच राहिली.

प्लेग : लपविलेले मृत्यू आणि बदलता छेद

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा संमत झाला आणि घरझडती, सक्तीचे विलगीकरण व रुग्णालयात हलविणे यांचे अधिकार शासनास मिळाले. पुण्यात रँड यांच्या अमलाखाली झालेली तपासणी आणि २२ जून १८९७ रोजी त्यांच्यावर झालेला हल्ला हा इतिहास सर्वज्ञात आहे. आरोग्यमापनाच्या दृष्टीने त्याचा वेगळा अर्थ लावता येतो. नोंद झाली की घरात शिपाई येतात, माणूस नेला जातो, सामान जाळले जाते, असा अनुभव आल्यावर लोक मृत्यूचे कारण लपवू लागले. नोंदणी ही मदतीची नव्हे, तर शिक्षेची पहिली पायरी ठरली.

अशा स्थितीत प्लेगने नेमके किती लोक मेले हे प्लेगच्या रकान्यावरून सांगता येत नव्हते. म्हणून त्या आठवड्यातील एकूण मृत्यूंची मागील वर्षांच्या सरासरीशी तुलना करून वाढीव मृत्यू काढले गेले. हे वाढीव मृत्यू नोंदलेल्या प्लेग-मृत्यूंपेक्षा अधिक होते. लोकांनी कारण लपविले. मृत्यू लपविणे मात्र शहरात अवघड होते.

छेदाचा प्रश्न त्याहून गुंतागुंतीचा ठरला. मुंबईची लोकसंख्या १८९१ मध्ये ८,२१,७६४ होती. १९०१ मध्ये ती ७,७६,००६ भरली. १९०१ ची गणना साथीच्या हंगामात झाली होती आणि अनेक लोक शहर सोडून गेले होते. १९०६ मध्ये झालेल्या नगरगणनेत ही संख्या ९,७७,८२२ इतकी आढळली. समजा, एखाद्या वर्षी शहरात ४०,००० मृत्यू झाले, तर १९०१ च्या लोकसंख्येने भागल्यास मृत्युदर दर हजारी सुमारे ५१.५ येतो, १९०६ च्या लोकसंख्येने भागल्यास तोच सुमारे ४१ वर उतरतो. एकही जीव न वाचता मृत्युदर एक-पंचमांशाने घटतो. साथीच्या काळातील आकड्यांवरून शहराच्या आरोग्यात सुधारणा किंवा अधोगती झाल्याचे ठरविताना ही बाब दुर्लक्षून चालत नाही.

मानमोडीची साथ आणि मृत्यूंचा शोध

१९१८ च्या इन्फ्लुएन्झाला महाराष्ट्रात मानमोडी म्हटले गेले. जूनमध्ये मुंबईत आलेली पहिली लाट तुलनेने सौम्य होती. सप्टेंबर-ऑक्टोबरमधील दुसऱ्या लाटेने मात्र खेड्यापाड्यांत हाहाकार उडविला. नोंद ठेवणारे गावकामगारच आजारी पडले किंवा दगावले, त्यामुळे ज्या आठवड्यांत मृत्यू सर्वाधिक झाले त्याच आठवड्यांतील नोंदी सर्वांत अपुऱ्या राहिल्या.

शासनाच्या आरोग्य आयुक्तांनी आरंभी देशातील मृत्यूंचा अंदाज सुमारे ६० लाख सांगितला. १९२१ च्या जनगणनेच्या वेळी तो १ कोटी २० लाख ते १ कोटी ३० लाखांवर गेला. किंग्ज्ली डेव्हिस यांनी १९५१ मध्ये १ कोटी ८५ लाखांचा अंदाज मांडला. मिल्स यांनी १९८६ मध्ये १ कोटी ७० लाख ते १ कोटी ८० लाख, तर चंद्रा व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये सुमारे १ कोटी ३९ लाख असा निष्कर्ष काढला. एकाच घटनेचे हे अंदाज तिप्पट अंतराने वेगळे आहेत. मृतांचा हा शोध प्रामुख्याने दोन जनगणनांमधील तुटीतून घ्यावा लागला.

एकूण संख्या अनिश्चित असली तरी शहरातील तुलना बोलकी आहे. मुंबईत या साथीचा मृत्युदर युरोपियनांत दर हजारी ८.३ व पारशांत ९ होता. इतर जातींच्या हिंदूंत तो १८.९ होता आणि ज्यांना कनिष्ठ जातीचे हिंदू म्हणून नोंदले गेले, त्यांच्यात ६१.६ होता. विषाणू सर्वांना एकच होता. दाट वस्ती, कुपोषण व उपचारांचा अभाव मात्र समान वाटलेला नव्हता.

१९२१ : एका खोलीतील अर्भके

अंश व छेद यांच्या परस्परसंबंधाचे सर्वांत उद्बोधक उदाहरण मुंबईच्या अर्भक मृत्युदरात सापडते. १९२१ मध्ये मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे सुमारे ६६७ अर्भकांचे मृत्यू नोंदले गेले. त्याच वर्षी इंग्लंड व वेल्समध्ये हा दर ८३ होता. महानगरपालिकेच्या आरोग्य खात्याने घरातील खोल्यांनुसार केलेली विभागणी तर अधिकच धक्कादायक होती. चार किंवा अधिक खोल्यांच्या घरांत हा दर सुमारे १३३, तीन खोल्यांत १९१, दोन खोल्यांत ३२२ आणि एका खोलीत ८२८ होता.

हे आकडे जसेच्या तसे स्वीकारता येतील काय? येथे छेदाची अडचण उभी राहते. गिरणगावातील कामगारांची कुटुंबे कोकण, सातारा, पुणे आदी भागांतून आलेली होती. बाळंतपणासाठी स्त्रीने माहेरी किंवा गावी जाण्याची रूढी होती. मूल गावी जन्मले तर त्याचा जन्म मुंबईच्या नोंदवहीत येत नसे. दोन-तीन महिन्यांनी आई मुलासह चाळीत परतली आणि मूल तेथे दगावले, तर त्याचा मृत्यू मात्र मुंबईत नोंदला जाई. समजा, शहरात १०० जन्म नोंदले गेले व त्यांतील ४० अर्भके दगावली. याशिवाय गावी जन्मलेली ५० मुले शहरात आणली गेली व त्यांतील १५ दगावली. प्रत्यक्षात १५० मुलांपैकी ५५ मृत्यू म्हणजे दर हजारी ३६७ होतात. परंतु नोंदवहीप्रमाणे १०० जन्मांमागे ५५ म्हणजे दर हजारी ५५० दिसतात. शहरातीलच काही जन्म नोंदले न गेल्याने ही सूज आणखी वाढे.

तेव्हा ८२८ हा आकडा फुगलेला होता, हे मान्य करावेच लागते. परंतु त्यावरून तो निरर्थक होता, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. एका खोलीतील कुटुंबांत नोंदलेल्या जन्मांच्या निम्मे जन्म नोंदीबाहेर राहिले असे धरले, तरी हा दर सुमारे ५५२ येतो. नोंदलेल्या जन्मांइतकेच जन्म बाहेर राहिले असे धरले, तरी तो ४१४ येतो. मोठ्या घरांतील दराला कोणतीही दुरुस्ती न करताही हे प्रमाण त्याच्या तिप्पट आहे. दोष वजा केल्यावर उरणारे हे अंतर कोंदट खोली, आईचे गिरणीतील दीर्घ तास, अपुरे स्तनपान आणि मूल झोपून राहावे म्हणून दिली जाणारी अफूची गोळी यांचे होते.

नोंदणीतील त्रुटींचा हवाला देऊन चाळींतील बालमृत्यूंचा प्रश्न गौण ठरविणे शक्य होते. तसे पूर्णपणे झाले नाही, हे महत्त्वाचे. १९२० च्या दशकाच्या आरंभी डॉ. बार्न्स यांनी गिरणी कामगार स्त्रियांच्या प्रसूतीविषयक स्थितीची पाहणी केली. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती साहाय्याच्या विधेयकावरील चर्चेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी प्रसूतीच्या काळात मातेला विश्रांती मिळणे राष्ट्रहिताचे आहे, अशी भूमिका घेऊन विधेयकाला पाठिंबा दिला. १९२९ मध्ये मुंबईचा प्रसूती लाभ कायदा संमत झाला. सदोष आकड्यांचाही विवेकाने उपयोग करता येतो, याचे हे उदाहरण होय.

भोर समिती ते नमुना नोंदणी

भोर समितीच्या १९४६ च्या अहवालात हिंदुस्थानची इतर देशांशी तुलना आहे. १९३७ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानचा मृत्युदर दर हजारी २२.४ व अर्भक मृत्युदर १६२ होता. न्यूझीलंडमध्ये हेच आकडे अनुक्रमे ९.१ व ३१ होते. अपुऱ्या नोंदणीमुळे भारताचे आकडे वास्तवापेक्षा कमीच होते. म्हणजे प्रत्यक्षातील दरी दिसली त्याहून मोठी होती.

स्वातंत्र्यानंतर या दोषावर उपाय म्हणून दुहेरी मोजणीचा विचार पुढे आला. सी. चंद्रशेखरन व डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांनी १९४९ मध्ये बंगालमधील सिंगूर भागातील नोंदींच्या आधारे एक पद्धत मांडली. दोन स्वतंत्र नोंदी एकमेकींशी ताडून पाहिल्यास दोन्हींतून सुटलेल्या घटनांचाही अंदाज करता येतो, हे तिचे सूत्र आहे. चंद्रशेखरन यांनी पुढे मुंबईतील लोकसंख्याशास्त्राच्या प्रशिक्षण व संशोधन केंद्राचे नेतृत्व केले. नमुना नोंदणी पद्धतीत सतत चालणारी नोंद आणि दर सहा महिन्यांनी होणारी स्वतंत्र पाहणी यांचा मेळ घातला जातो. ही पद्धत १९६९-७० पासून देशभर रूढ झाली. तिच्यात घटना नेहमीच्या रहिवाशांच्या धरल्या जातात, पाहुण्यांच्या नव्हे. त्यामुळे माहेरी झालेला जन्म सासरच्या घराच्या हिशेबात येतो. १९२१ मध्ये मुंबईला छळणाऱ्या प्रश्नाचे हे पद्धतशीर उत्तर होते. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार होणारी नोंद मात्र घटना जेथे घडली तेथेच होते. म्हणून जिल्ह्याच्या ठिकाणच्या नोंदवहीवरून थेट त्या शहराचे दर काढणे आजही धोक्याचे आहे.

वयोरचनेचा नीसन यांनी दाखविलेला प्रश्नही संपलेला नाही. नमुना नोंदणीनुसार २०२० मध्ये केरळचा मृत्युदर दर हजारी ७ व महाराष्ट्राचा ५.५ होता. यावरून महाराष्ट्र केरळपेक्षा निरोगी ठरत नाही; कारण त्याच वर्षी अर्भक मृत्युदर केरळात ६ व महाराष्ट्रात १६ होता. केरळात वृद्धांचे प्रमाण अधिक असल्याने एकूण मृत्युदर अधिक दिसतो.

गडचिरोली : मोजणी हेच उपचाराचे पहिले पाऊल

राज्याच्या सरासरीत दडलेली विषमता पुढे आणण्याचे श्रेय गडचिरोलीतील ‘सर्च’ या संस्थेच्या कार्याकडे जाते. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग व सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी प्रसिद्ध केली. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग वा लैंगिक अवयवांचा आजार आढळला. यापूर्वी तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. हे आजार मृत्यूच्या कोणत्याही नोंदवहीत दिसणारे नव्हते. मृत्यूवरून आरोग्य मोजण्याची मर्यादा यातून स्पष्ट झाली.

बालमृत्यूंच्या बाबतीत २००१ मध्ये ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल प्रसिद्ध झाला. विविध स्वयंसेवी संस्थांनी ग्रामीण, आदिवासी व झोपडपट्टी भागांत प्रत्यक्ष मोजणी केली, तेव्हा शासकीय यंत्रणेच्या नोंदींपेक्षा बालमृत्यू कितीतरी अधिक असल्याचे दिसले. पुढे शासनाने डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली. चावडीच्या नोंदवहीत न येणारे नवजात मूल शंभर वर्षांनंतरही शासकीय तक्त्यात येत नव्हते.

येथे मोजणी व उपचार यांची सांगड घातली गेली, हे विशेष होय. गडचिरोलीतील ३९ गावांत गावातीलच प्रशिक्षित आरोग्यदूतांनी घरोघरी नवजात बालकांची काळजी घेतली आणि ४७ गावांशी तुलना करण्यात आली. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. २०११ पासून ‘आशा’ कार्यकर्तींमार्फत अशी गृहाधारित सेवा देशभर स्वीकारली गेली. प्लेगच्या काळात नोंद करणारा शिपाई भीतीचे कारण होता. येथे नोंद करणारी व्यक्तीच मूल वाचविणारी होती. त्यामुळे नोंद लपविण्याचे कारणच उरले नाही.

निष्कर्ष

१) मृत्युदर हा आरोग्याचा आरसा असला तरी त्यात नोंदणीव्यवस्थेचेही प्रतिबिंब असते. नोंदणी किती पूर्ण आहे हे जाणून घेतल्याशिवाय दोन प्रदेशांची तुलना ग्राह्य धरता येत नाही.

२) नोंदीतून सुटणारे लोक यादृच्छिक नसतात. वाड्या-पाड्यांवरील रहिवासी, स्थलांतरित, आदिवासी आणि नवजात बालके वारंवार सुटत आली आहेत. ज्यांचे मृत्यू सर्वाधिक, त्यांचीच नोंद सर्वांत अपुरी, ही विसंगती इलाख्याच्या काळापासून दिसते.

३) आकडे सदोष आहेत म्हणून ते नाकारणे आणि छापील आहेत म्हणून ते स्वीकारणे, या दोन्ही भूमिका अशास्त्रीय आहेत. १९२१ च्या उदाहरणात दिसल्याप्रमाणे दोषाची दिशा व मर्यादा ओळखल्यास सत्याचा मोठा भाग हाती लागतो.

४) हा प्रश्न कालबाह्य झालेला नाही. २०२० मध्ये भारतात नोंदलेल्या मृत्यूंपैकी सुमारे २२ टक्के मृत्यूंचेच कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित होते. कोविडच्या साथीत २०२१ अखेर अधिकृत मृत्यू सुमारे ४ लाख ८१ हजार होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये २०२०-२१ या दोन वर्षांतील वाढीव मृत्यूंचा अंदाज सुमारे ४७ लाख सांगितला आणि भारत सरकारने त्या पद्धतीवर आक्षेप घेतला. १९१८ चा वाद शतकानंतर नव्या रूपात उभा राहिला.

५) जुन्या जन्म-मृत्यू नोंदवह्यांना, विशेषतः गाव नमुना नंबर १४ ला, अलीकडे वेगळेच महत्त्व आले आहे. २०२३ मध्ये कुणबी नोंदींच्या शोधासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामात या अभिलेखांची राज्यभर तपासणी झाली. जातीच्या पुराव्यासाठी ज्या पानांची इतकी झडती घेतली गेली, त्याच पानांवर गावाच्या दुष्काळांचा, साथींचा आणि बाळंतपणांचा इतिहास आहे. महाविद्यालयांतील इतिहास, भूगोल, अर्थशास्त्र व संख्याशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन परिसरातील गावांच्या नोंदवह्यांचा अभ्यास हाती घेतल्यास स्थानिक आरोग्याचा विश्वसनीय इतिहास सिद्ध होऊ शकेल. ही पाने जीर्ण होत असल्याने हे काम लांबणीवर टाकता येण्यासारखे नाही.

लोकसमूहाच्या आरोग्याची व्याख्या कितीही व्यापक केली, तरी तिची परीक्षा अखेर एका साध्या प्रश्नावर होते : गावकुसाबाहेरच्या घरात काल जन्मलेले आणि आज दगावलेले मूल कोणाच्या हिशेबात आहे काय? या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी येईल, तेव्हाच राज्याच्या सरासरीला अर्थ प्राप्त होईल.